पावतीच्या तळाशी छापला जाणारा पत्ता : वेब ॲप्लिकेशनमधून रजिस्ट्री बदलायला गेलो त्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण 2013 च्या पावसाळ्यातलं. एका नागरी सहकारी पतसंस्थेचं मुख्य कार्यालय जिल्ह्याच्या गावी होतं आणि आसपासच्या तालुक्यांत 11 शाखा होत्या. संस्थेचं कामकाज आमच्या छोट्या टीमने लिहिलेल्या एएसपी डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या तंत्रावरच्या वेब ॲप्लिकेशनवर चालायचं. मुख्य कार्यालयात विंडोज सर्व्हर 2008 आर2 आणि त्यावर वेब सर्व्हर म्हणून आयआयएस 7.5. शाखांमध्ये विंडोज 7 चे पीसी आणि ब्राउझर म्हणून फक्त इंटरनेट एक्सप्लोरर. डोमेन (सगळ्या पीसींची खाती एका जागेवरून सांभाळायची सोय) नव्हतं, प्रत्येक शाखेचे पीसी आपापले वर्कग्रुपमध्ये. आम्ही प्रोग्राम व्हिज्युअल स्टुडिओ 2010 मध्ये, डॉट नेट 4 वर लिहीत होतो.

मुदत ठेवीची पावती संस्था आधीच छापून घेतलेल्या रंगीत कागदावर देते. वर संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक, खाली डाव्या कोपऱ्यात शिक्क्याची जागा, उजवीकडे ‘अधिकृत सही’. खातेदाराचं नाव, रक्कम, व्याजदर आणि देय तारीख एवढंच आमच्या पानावरून प्रिंटरला जायचं.

अडचण

पावती छापली की कागदाच्या अगदी तळाशी ब्राउझर आपल्या मनाने दोन गोष्टी टाकायचा : डावीकडे पानाचा पूर्ण पत्ता, सर्व्हरच्या आयपी क्रमांकासकट, आणि उजवीकडे तारीख. पत्ता लांबलचक असल्यामुळे तो शिक्क्याच्या चौकटीतून सहीच्या रेघेपर्यंत पोचायचा. वार्षिक लेखापरीक्षणात यावर शेरा आला. ठेवीच्या मूळ दस्तऐवजावर संस्थेच्या अंतर्गत सर्व्हरचा पत्ता छापलेला असू नये, ही लेखापरीक्षकांची हरकत रास्तच होती. संचालक मंडळाच्या पुढच्या सभेआधी हे थांबवायचं, असा निरोप आला.

इंटरनेट एक्सप्लोरर हा मजकूर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आणि त्यावरचे प्रोग्राम आपापल्या सेटिंग्ज जिथे साठवतात तिथे, ठेवायचा. एचकी करंट युजर (चालू युजरच्या सेटिंग्जची फांदी), त्याखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, इंटरनेट एक्सप्लोरर आणि शेवटी पेजसेटअप ही की, म्हणजे रजिस्ट्रीतलं फोल्डर. तिथे ‘हेडर’ (पानाच्या वर छापायचा मजकूर) आणि ‘फूटर’ (तळाशी छापायचा) अशा दोन किमती असतात. फूटरमध्ये मुळात छोट्या खुणा असतात : ‘&’ आणि त्यापुढे ‘यू’ म्हणजे पानाचा पत्ता, ‘&’ आणि ‘डी’ म्हणजे तारीख, मध्ये ‘&’ आणि ‘बी’ म्हणजे यापुढचं उजवीकडे सरकव. ती किंमत रिकामी केली की तळाशी काहीच छापलं जात नाही.

आमच्या टीममधल्या एका नव्या, हुशार मुलाने हे शोधून काढलं आणि दुपारपर्यंत प्रोग्रामही लिहिला. पावतीचं पान उघडताना सी शार्पच्या रजिस्ट्री क्लासने पेजसेटअप की उघडायची, फूटरची जुनी किंमत वाचून ठेवायची, रिकामी किंमत लिहायची आणि छपाईनंतर जुनी किंमत परत टाकायची. पाच-सहा ओळी. त्याच्या लॅपटॉपवर छापून पाहिलं, तळ कोरा. मीही पाहिलं आणि हो म्हटलं.

पहिला निर्णय, जो चुकला

सर्व्हरवर प्रोग्राम टाकला तेव्हा पावतीच्या पानावर लगेच एरर आली : एचकी करंट युजरखालच्या त्या कीला प्रवेश नाकारला आहे.

या क्षणी आम्ही काय विचार केला ते नीट सांगतो, कारण सगळं प्रकरण इथेच वळलं. एरर परवानगीची होती, म्हणून आम्हाला प्रश्नही परवानगीचाच वाटला. आयआयएस 7.5 मध्ये वेब ॲप्लिकेशन ज्या ॲप्लिकेशन पूलमध्ये चालतं त्याला स्वतःची मर्यादित ओळख असते, ‘आयआयएस ॲपपूल’ आणि पुढे पूलचं नाव. या ओळखीला रजिस्ट्रीत लिहायला फारशी मुभा नसते हे आम्हाला माहीत होतं. मग मार्ग सरळ दिसला : पूलची ओळख बदलून लोकल सिस्टीम करायची. त्या खात्याला मशीनवर जवळपास सगळं करता येतं. मीच परवानगी दिली. पूल रीसायकल केला (म्हणजे नव्याने सुरू केला), पान उघडलं, एरर गेली.

त्या मुलाने मग त्याच्याच लॅपटॉपवरून, पण खऱ्या सर्व्हरला जोडून एक पावती छापली. तळ कोरा. आम्ही काम झाल्याचं संस्थेला कळवलं.

नऊ दिवस

शाखांकडून तक्रारी यायला लागल्या त्या तुटक. एका शाखेने फोन केला की पत्ता अजून येतो. आम्ही म्हटलं, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. दुसऱ्या शाखेने केला, आम्ही कॅश साफ करायला सांगितलं. इथे ऑफिसात छापलं की दर वेळी कोरंच येत होतं, म्हणून दोष शाखेच्या पीसीत आहे अशी आमची पक्की समजूत झाली होती. असे नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत संस्थेचं अख्खं वेब ॲप्लिकेशन लोकल सिस्टीमच्या ताकदीवर चालू होतं.

दहाव्या दिवशी मी स्वतः एका शाखेत गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी माझ्यासमोर कोऱ्या कागदावर पावती काढली आणि तळाशी बोट ठेवलं.

“हे बघा सर. तुम्ही म्हणालात तसं सगळं केलं, तरी येतंच.”

आयपी क्रमांक, पानाचं नाव, तारीख, सगळं जागच्या जागी. मी त्यांच्या पीसीवर रेजएडिट, म्हणजे रजिस्ट्री पाहायचं विंडोजचं साधन, उघडून पेजसेटअपपर्यंत गेलो. फूटरची किंमत मुळात असते तशीच होती. आमचा प्रोग्राम त्या पीसीला कधी शिवलाच नव्हता.

तिथे त्या खुर्चीत बसून मला जे लख्ख दिसलं ते मला कित्येक वर्षं ठाऊक होतं, आणि तरीही या प्रकरणात एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. एएसपी डॉट नेटचा सी शार्प कोड सर्व्हरवर चालतो. तो ‘करंट युजर’ म्हणतो तेव्हा तो सर्व्हरवरचा, ॲप्लिकेशन पूल ज्या खात्याने चालतोय तो युजर असतो. काउंटरवर बसलेल्या माणसाच्या पीसीची रजिस्ट्री त्याला दिसतही नाही. ब्राउझरकडे जातं ते फक्त तयार झालेलं पान.

ऑफिसात परतल्यावर सर्व्हरवर सिसइंटर्नल्सचं प्रोसेस मॉनिटर लावलं, कुठला प्रोग्राम रजिस्ट्रीत काय वाचतो-लिहितो ते दाखवणारं. आयआयएसचा वर्कर प्रोसेस (ॲप्लिकेशन प्रत्यक्ष चालवणारा) आणि मार्गात ‘पेजसेटअप’ असा फिल्टर ठेवून एका शाखेला पावती काढायला सांगितली. ओळ समोर आली : रजिस्ट्रीत किंमत लिहिली, निकाल ‘सक्सेस’, आणि मार्ग एचकी युजर्सखाली ‘डॉट डिफॉल्ट’. नावामुळे ही जागा नव्या युजरसाठीचा साचा वाटते, पण तसं नाही. ती लोकल सिस्टीम खात्याचीच स्वतःची रजिस्ट्री आहे. प्रत्येक पावतीबरोबर आम्ही सर्व्हरच्या सिस्टीम खात्याचा फूटर मोठ्या निष्ठेने पुसत होतो, आणि ते खातं कधीही काही छापणार नव्हतं.

मग लॅपटॉपवर का चाललं? व्हिज्युअल स्टुडिओ 2010 च्या सोबत येणारा छोटा डेव्हलपमेंट सर्व्हर लॉगइन केलेल्या प्रोग्रामरच्याच खात्याने चालतो. सर्व्हर तोच, ब्राउझर तोच, युजर तोच. तिथे चुकीचा प्रोग्रामही बरोबर उत्तर देतो. त्यात आणखी एक भर पडली. चाचण्यांमध्ये प्रोग्राम मध्येच थांबवल्यामुळे जुनी किंमत परत टाकायची ओळ एकदा चाललीच नाही, आणि त्या लॅपटॉपचा फूटर कायमचा रिकामा राहिला. त्या ब्राउझरमधून कुठलंही पान छापलं असतं तरी तळ कोराच आला असता. खऱ्या सर्व्हरवरची आमची ‘यशस्वी’ चाचणी ही होती.

तोललेले पर्याय

त्या संध्याकाळी सगळ्यात आधी पूलची ओळख परत मूळच्या मर्यादित ओळखीवर आणली. त्यातून एक वेगळी अडचण निघाली, ती पुढे सांगतो. मग शांतपणे पर्याय मांडले.

पहिली सूचना आली इंपर्सोनेशनची : विंडोज ऑथेंटिकेशन लावू, म्हणजे प्रोग्राम त्या-त्या माणसाच्या नावाने चालेल. हे दोन कारणांनी फोल ठरतं. इंपर्सोनेट केलं तरी कोड चालतो सर्व्हरवरच, म्हणून फार तर सर्व्हरवरची रजिस्ट्री बदलेल. शिवाय एचकी करंट युजर प्रोसेस एकदा उघडतो आणि तोच धरून ठेवतो, थ्रेडची ओळख बदलली म्हणून तो आपोआप बदलत नाही. वर्कग्रुपमधल्या पीसींचा तर प्रश्नच नव्हता.

दुसरा पर्याय सर्व्हरवरून शाखेच्या पीसीची रजिस्ट्री दूरून उघडायचा. डॉट नेटमध्ये त्यासाठी सोय आहे. पण प्रत्येक पीसीवर रिमोट रजिस्ट्री सेवा चालू ठेवावी लागते, त्या पीसीचा ॲडमिन हक्क वेब ॲप्लिकेशनच्या हाती द्यावा लागतो, आणि कोण लॉगइन आहे हे ओळखून त्याची एसआयडी, म्हणजे विंडोजमधला खात्याचा ओळख क्रमांक, शोधावी लागते. म्हणजे पावतीच्या तळाच्या एका ओळीसाठी सगळ्या शाखांच्या किल्ल्या एका वेब सर्व्हरच्या खिशात. हा पर्याय चर्चेत आला याचंही मला आज वाईट वाटतं.

तिसरा पर्याय खरोखर क्लायंटवर चालणारा होता : पानातल्या स्क्रिप्टमधून ॲक्टिव्हएक्सने (वेब पानातून विंडोजचे घटक चालवायची सोय) विंडोजचं शेल ऑब्जेक्ट तयार करून रजिस्ट्रीत लिहायचं. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये हे जमायचं. पण त्यासाठी ‘स्क्रिप्टिंगसाठी सुरक्षित म्हणून न नोंदलेले’ घटक चालवायची मुभा त्या झोनला (ब्राउझरमधला साइट्सचा सुरक्षा-गट) द्यावी लागायची. मग त्या झोनमधलं प्रत्येक पान काउंटरच्या पीसीवर वाटेल ते करू शकतं, कारण जे ऑब्जेक्ट रजिस्ट्रीत लिहितं तेच कुठलाही प्रोग्राम चालवूही शकतं. हिशोबाच्या पीसीवर हे नको, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

चौथा : डॉट रेज फाइल (रजिस्ट्रीतले बदल लिहिलेली) बनवून प्रत्येक पीसीवर एकदा चालवायची, किंवा त्याहून सोपं म्हणजे ब्राउझरच्या पेज सेटअपच्या खिडकीत हेडर आणि फूटर ‘एम्प्टी’ निवडायचं. प्रोग्रामची एक ओळही लागत नाही. दोष एवढाच की त्या युजरची बाकी सगळी छपाईही बिनफूटरची होते आणि नवा पीसी आला की पुन्हा करावं लागतं.

पाचवा : पावती ब्राउझरकडून छापायचीच नाही. सर्व्हरवर पीडीएफ तयार करायची. ब्राउझरचं हेडर-फूटर त्यात येतच नाही आणि छापील कागदावर मजकूर मिलिमीटरच्या मापाने बसवता येतो.

काय केलं

तातडीचं म्हणून चौथा पर्याय घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक शाखेला फोन लावून पेज सेटअपमध्ये काय निवडायचं ते सांगितलं. एका शाखेला पाच मिनिटं लागली. दुपारच्या चहाच्या आत सगळ्या शाखांच्या पावत्या कोऱ्या तळाने निघू लागल्या. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं.

कायमचं म्हणून पीडीएफ. इथे वेळ गेला तो मराठीत. पहिली मोफत लायब्ररी इंग्रजी उत्तम छापायची, पण देवनागरीची जुळणी तिला येत नव्हती. ‘शिंदे’ लिहिलं की ऱ्हस्व वेलांटी ‘श’च्या मागे जाऊन बसायची आणि ‘क्षीरसागर’मधला ‘क्ष’ फुटून पाय मोडलेला ‘क’ आणि सुटा ‘ष’ असा यायचा. ठेवीच्या पावतीवर खातेदाराचं नाव असं छापणं शक्यच नव्हतं. कोणी सुचवलं की नावं इंग्रजीत छापू. मी नकार दिला. वारस पावती घेऊन आला की काउंटरवर नावाचं अक्षरन् अक्षर जुळवलं जातं, आणि संस्थेच्या नोंदवहीत नाव मराठीत आहे. शेवटी रिपोर्ट व्ह्यूअर या मायक्रोसॉफ्टच्या अहवाल बनवायच्या घटकात पावतीचा आराखडा करून तिथून पीडीएफ काढली. त्यात अक्षरं विंडोजच्या जुळणीने बसतात, म्हणून मंगल फाँटमध्ये नावं बरोबर आली. 18 दिवसांनी ती सगळ्या शाखांत गेली आणि रजिस्ट्री बदलणारा कोड काढून टाकला.

सर्व्हरवरची स्वच्छताही केली. डॉट डिफॉल्टखालच्या पेजसेटअपची आधी निर्यात घेऊन मग आमच्या किमती काढल्या. नऊ दिवसांचे आयआयएस लॉग वाचून काढले आणि खातेदारांचे फोटो व सह्या जिथे अपलोड होतात ते फोल्डर फाइलनिहाय तपासलं. त्या पानावर फाइलचा प्रकार फक्त ब्राउझरमध्ये तपासला जात होता हे तेव्हा लक्षात आलं. कोणी तिथून सर्व्हरवर चालणारं पान चढवलं असतं तर ते लोकल सिस्टीमच्या हक्काने चाललं असतं. तसं काही सापडलं नाही. त्याच आठवड्यात ती तपासणी सर्व्हरवर आणली.

वाटेत निघालेली दुसरी गाठ

ओळख परत बदलताना आम्ही जुना पूल न दुरुस्त करता नवा पूल तयार केला होता. त्यावर ॲप्लिकेशन नेलं आणि लॉगइनच्या आधीच बंद पडलं : डेटाबेसची जोडणी सापडत नाही. ही जोडणी आम्ही एन्क्रिप्ट करून एचकी लोकल मशीन या पूर्ण मशीनच्या सेटिंग्जच्या फांदीखाली, सॉफ्टवेअरमध्ये, आमच्या नावाच्या कीत ठेवत होतो. प्रोग्राम ती फक्त वाचायचा.

टीममध्ये लगेच सूर निघाला की मर्यादित ओळखीला ही की वाचता येत नाही, तात्पुरतं लोकल सिस्टीम करू. या वेळी थांबलो आणि प्रोसेस मॉनिटर आधी लावलं. निकालाच्या रकान्यात ‘ॲक्सेस डिनाइड’ नव्हतं, ‘नेम नॉट फाउंड’ होतं. परवानगी नाही आणि जागाच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण सी शार्पमध्ये हा फरक सहज नजरेतून सुटतो : की उघडणाऱ्या ‘ओपनसबकी’ या फंक्शनला की सापडली नाही तर ते एरर देत नाही, मुकाट्याने ‘नल’, म्हणजे ‘काहीच नाही’, देतं, आणि प्रोग्राम पुढे कुठेतरी भलत्याच ओळीवर कोसळतो.

कारण असं निघालं. सही स्कॅन करणारी एक जुनी डीएलएल (ॲप्लिकेशन वापरतं ती तयार कोडची फाइल) 32 बिटची होती, म्हणून जुन्या पूलवर ‘32 बिट ॲप्लिकेशन चालू’ हे ‘ट्रू’ केलेलं होतं. नव्या पूलवर ते ‘फॉल्स’ राहिलं. 64 बिट विंडोजवर 32 बिट प्रोग्राम लोकल मशीनच्या सॉफ्टवेअरखाली लिहायला गेला की विंडोज त्याला गुपचूप ‘वाव 6432 नोड’ या आतल्या फांदीत नेतं. आमचा इन्स्टॉलर 32 बिट, म्हणून की त्या फांदीत होती. नवा पूल 64 बिट, तो मुख्य फांदीत शोधत होता. ओडीबीसीचा डीएसएन (विंडोजमध्ये नाव देऊन नोंदवलेली डेटाबेसची जोडणी) वापरणाऱ्यांना हीच ठेच लागते. तिथे तर 64 बिटचं साधन सिस्टीम32 फोल्डरमध्ये आणि 32 बिटचं सिसवाव64 मध्ये, आणि दोन्ही फाइलींचं नाव एकच.

पूलची सेटिंग दुरुस्त केली, आणि कोडमध्येही कुठल्या फांदीत पाहायचं ते डॉट नेट 4 मध्ये आलेल्या रजिस्ट्रीव्ह्यूने स्पष्ट लिहिलं. कीची परवानगीही आवळली. लोकल मशीनच्या सॉफ्टवेअरखालची की मशीनवरचा कुठलाही साधा युजर वाचू शकतो, आणि आमचं एन्क्रिप्शन मशीनच्या किल्लीवर असल्यामुळे त्याच सर्व्हरवर लॉगइन करणाऱ्याला ते उलगडताही आलं असतं. म्हणून ॲडमिनशिवाय फक्त त्या पूलच्या ओळखीला वाचण्याचा हक्क ठेवला. लिहिण्याचा हक्क त्यालाही नाही. किंमत बदलायची असेल तर ॲडमिनने सर्व्हरवर बसून बदलायची.

निष्पत्ती

सभेआधी पावत्या स्वच्छ निघायला लागल्या आणि पुढच्या लेखापरीक्षणात तो शेरा आला नाही. लोकल सिस्टीमचे नऊ दिवस मी संस्थेच्या व्यवस्थापकांना लेखी कळवले. त्यांना तो मुद्दा सुरुवातीला तांत्रिक वाटला. अपलोडच्या पानाची गोष्ट समजावून सांगितली तेव्हा त्यांनी पुढचा सगळा वेळ तेवढ्याच विषयावर प्रश्न विचारले.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली एरर आली तेव्हा हक्क वाढवण्याआधी एकच प्रश्न विचारायला हवा होता : हा ‘करंट युजर’ कोण, आणि कुठल्या मशीनवरचा? एररच्या मजकुरात एचकी करंट युजर लिहिलेलं होतं, कोणाचा ते लिहिलेलं नव्हतं, आणि आम्ही ते आपल्या मनाने भरलं. आता ॲडमिनसाठीच्या एका पानावर आम्ही तीन गोष्टी दाखवतो : प्रोसेस कुठल्या खात्याने चालतोय, मशीनचं नाव, आणि 32 की 64 बिट. ते पान तेव्हा असतं तर पावतीच्या पानासाठी रजिस्ट्रीची एकही ओळ लिहिली गेली नसती.

शाखेच्या पहिल्याच फोनवर मी जायला हवं होतं. ती शाखा आमच्यापासून 40 मिनिटांवर होती. काउंटरवरच्या माणसाने दिसतंय ते सांगितलं आणि आम्ही त्याला कॅश साफ करायला लावली.

त्या मुलाला मी दोष दिला नाही, देण्यासारखा नव्हताही. त्याने की बरोबर शोधली होती, खुणांचा अर्थ बरोबर लावला होता. लोकल सिस्टीमला हो मी म्हटलं होतं. त्याच्या लॅपटॉपचा फूटर आम्ही दोघांनी मिळून परत जागेवर आणला, आणि त्या आठवड्यात ऑफिसात एक जुना पीसी चाचणीसाठी बाजूला काढला. त्यावर व्हिज्युअल स्टुडिओ नाही आणि त्याला शाखेतल्यासारखं साधं युजर खातं आहे. छपाईची प्रत्येक चाचणी तेव्हापासून त्याच पीसीवरून होते.